माझ्या नावाची घागर

माझी सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. तिथे प्रवासवर्णनांचं एक वेगळं कपाट होतं. लोक नॉर्वेला गेले, केनियाला गेले, कैलासाला जाऊन आले, आणि मी त्यांच्या पुस्तकांवरची धूळ झटकत राहिले. निवृत्त झाल्यावर आपणही कुठेतरी लांब जायचं आणि चार पानं लिहायची, असं मनाशी ठरवलं होतं. झालं काय, की निवृत्तीनंतरचा माझा पहिला मोठा प्रवास जळगाव ते पिंपळनेर एवढाच झाला, तोही एसटीने, बोडक्या डोक्यावर रुमाल बांधून. तरी लिहितेच. हिमालय चढून आलेल्यांनी हसू नये.

केमोथेरपी चालू असली की माणसाचं पंचांग बदलतं. डोस झाला की पहिला आठवडा अंथरुणाचा. दुसरा आठवडा मास्क लावून घरात बसायचा, कारण रक्तातल्या पेशी खाली आलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात मी माणसांत येते, तोवर पुढचा डोस दारात उभा. यंदा आखाजी नेमकी माझ्या तिसऱ्या आठवड्यात आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण आमच्या खानदेशात ती नुसती सोनं घेण्याची तिथी नाही. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे खातात. मांडे म्हणजे उलट्या खापरावर भाजलेली, हातभर रुंद पुरणपोळी. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवतात. पितर त्या दिवशी तहानलेले येतात आणि पाणी पिऊन तृप्त होऊन जातात, अशी समजूत आहे.

तहानेचं म्हणाल तर माझीही तीच गत होती. औषधांनी तोंडाची चव पार गेली होती. तीही नुसती गेली असती तर बरं. तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती. पाण्याचा घोट घेतला की दाराची कडी चाटल्यासारखं वाटायचं. स्टीलचा पेला तोंडाजवळ आला की पोट ढवळायचं. डॉक्टरांनी मागच्या खेपेला काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, वजन असंच उतरत राहिलं आणि पाणी पोटात गेलं नाही, तर पुढचा डोस थांबवावा लागेल."

लोकांना वाटतं, पेशंट डोसला घाबरतो. मी डोस थांबण्याला घाबरले. अर्धा नाला पोहून आल्यावर मध्येच कोणी हात धरून थांबवावं, तसं वाटलं. घरी येऊन मी पाण्याचा तांब्या समोर घेऊन बसले आणि दोन घोटांत हरले. तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, "मला माहेरी घेऊन चला. तिथे काहीतरी खाल्लं जाईल." डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून: मास्क काढायचा नाही, पाणी उकळलेलंच, उन्हाच्या आत पोचायचं.

ह्यांनी गाडी ठरवायचं म्हटलं. मी नको म्हटलं. गाडीत ती सुगंधी बाटली टांगलेली असते ना, तिच्या वासाने मी जळगाव सोडल्यावर पाळधीलाच ओकले असते. डिझेलचा वास मात्र मला अजून सोसतो. का, ते औषध बनवणाऱ्यांना विचारा. म्हणून पहाटेची एसटी, पुढची खिडकी आणि ह्यांच्या खिशात घडी करून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

जळगाव सोडताना अजून गारवा होता. केळीच्या बागा मागे पडल्या, एरंडोल आलं, गेलं. पारोळ्यापुढे रान उघडं पडत जातं. नांगरून ठेवलेली काळी शेतं आणि बांधावरचा एखादा निंब. कित्येक महिने मी छत, सलाईनची बाटली आणि समोरच्या इमारतीची गच्ची एवढंच पाहत होते. खिडकीतून मला सगळंच पाहावंसं वाटत होतं, अगदी सिमेंटच्या जाहिराती रंगवलेल्या भिंतीसुद्धा. आमचे हे मध्येच पाण्याची बाटली पुढे करायचे, मी मान हलवायचे आणि ते ती निमूट परत ठेवायचे. त्यांच्या त्या निमूटपणाचंच मला वाईट वाटायचं.

धुळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर सणाची गर्दी. जिकडे तिकडे माहेरवाशिणी, पिशव्या आणि आंब्यांचा वास. मी एका बाजूला बाकावर बसले. रुमालाची गाठ सैल झाली होती. माझी बोटं औषधाने बधिर झालेली, गाठ काही आवळता येईना, आणि तेवढ्यात फलाटावर शिरलेल्या एका बसने वाऱ्याचा झोत सोडला. रुमाल उडाला. आमचे हे त्याच्यामागे धावले आणि मी भर धुळे स्टँडवर गुळगुळीत डोक्याने बसून राहिले.

शेजारी डांगरांची पाटी घेतलेली एक बाई होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, "का व माय, तिरुपती करी उनी का?" (तिरुपती करून आलीस का?)

खरं सांगायचं तर डॉक्टरांना सापडलेल्या गाठीपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "हो."

"मंग परसाद?"

आता आली का पंचाईत! तोवर हे रुमाल घेऊन परतले होते. त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी आणलेला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. बाईने तो कपाळाला लावला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा नातवासाठी पदराच्या गाठीत बांधला. "बठ्ठं पाप गयं तुनं," ती मला म्हणाली. (सगळं पाप गेलं तुझं.) कुसुंबा येईपर्यंत आमचे हे तोंडावर रुमाल धरून हसत होते. अधूनमधून म्हणायचे, "बठ्ठं गेलं, आता काळजी नाही." आजारपण सुरू झाल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

साक्रीनंतर डोंगर दिसायला लागतात. पिंपळनेरकडे वळलं की रस्त्याच्या कडेला मोहाची झाडं, पांझरा नदीचं कोरडं पात्र आणि त्यात कुठे कुठे उरलेले डोह. उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. माझा धाकटा भाऊ प्रकाश रिक्षा सांगून थांबला होता. मला पाहिल्यावर तो हसला, पण डोळे दुसरीकडे वळवले. बहिणीच्या डोक्यावर केस नाहीत हे फोनवर ऐकणं वेगळं.

आमचं गाव पिंपळनेरच्या जवळच. घरासमोर रिक्षा थांबली तशी हे आणि प्रकाश सामान उतरवायला लागले. उकाड्याने माझा जीव घाबरा झाला होता. मी मास्क आणि रुमाल दोन्ही काढले आणि एकटीच पुढे ओसरीवर गेले.

ओसरीवर ताराफुई बसली होती. फुई म्हणजे आत्या. वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने ठार बहिरी, दुसऱ्याने मर्जीप्रमाणे. फुईचा नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती इथेच. घरातल्या घागरींचा सगळा कारभार तिच्याकडे. समोर कोऱ्या घागरी ओळीने मांडल्या होत्या आणि ती एकेक ओल्या फडक्याने पुसत होती. माझी चाहूल लागली तशी तिने वर पाहिलं. मी वाळलेली, डोक्याला केस नाहीत, भुवया नाहीत, अंगावर फिकट सुती साडी. ती जराही दचकली नाही.

"उनी का व सुमी?" ती शांतपणे म्हणाली. "एक दिन आगोदर उनी? घागर ते सकाय भरानी शे." (घागर तर उद्या भरायची आहे.)

मला वाटलं, सणाच्या तयारीचं सांगतेय. मी तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हटलं, "आजच आले फुई. उद्या फार गर्दी असते."

"तठे बी गर्दी शे का?" (तिथेही गर्दी आहे का?) तिने नवलाने विचारलं. मग आवाज खाली आणून, "आबा भेटना का तुले?"

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वर्षं लोटली. म्हातारीला भ्रम झाला असं समजून मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने ओळीतल्या शेवटच्या, सगळ्यांत छोट्या घागरीवर हात ठेवला. "हाई आबानी, हाई तुनी मायनी, हाई आमना मानूसनी. आनि हाई तुनी." (ही माझ्या नवऱ्याची. आणि ही तुझी.) त्या छोट्या घागरीवर तिने कुंकवाचं बोट ओढलं होतं. "सवाशिन गई ना तू, म्हनीसन कुकू लायं." (सवाष्ण गेलीस ना तू, म्हणून कुंकू लावलं.)

तेव्हा मला कळलं.

खोटं कशाला सांगू, हसू वगैरे काही आलं नाही. इतके महिने ज्या गोष्टीचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं, ती इथे धुऊनपुसून, कुंकू लावून मांडून ठेवली होती. मी तिच्याजवळ मटकन बसले आणि आधारासाठी तिचा हात धरला.

फुईने माझा हात दाबून पाहिला. मग दुसरा पाहिला. मग गालाला हात लावला. "हात ते गरम शे व," ती पुटपुटली, आणि एकदम ओरडली, "परकास! अरे परकास! सुमी जित्ती शे!"

घर गोळा झालं. मग एकेक उलगडत गेलं. माझे केस गळाले तेव्हा वहिनी, म्हणजे प्रकाशची बायको, स्वयंपाकघरात त्याला म्हणाली होती, "अक्काना केस गयात." पलीकडच्या खोलीत फुईने ऐकलं, "अक्का गई." म्हाताऱ्या माणसाला कॅन्सरचं कशाला सांगायचं, म्हणून ती आली की सगळे गप्प व्हायचे. तिने ओळखलं, की आपल्या जिवाला लागेल म्हणून ही पोरं आपल्यापासून लपवताहेत. मग तिनेही विचारलं नाही. विचारलं तर पोरांना वाईट वाटेल. फोन ती कधी कानाला लावत नाही, त्यामुळे माझा आवाज तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. संक्रांतीला तिने तिळगूळ खाल्ला नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अशी सगळ्यांनी एकमेकांची काळजी घेतली होती.

"पण फुई, मी तुले सांगं व्हतं ना, अक्का आखाजीले येवानी शे!" प्रकाश म्हणाला.

"सांगं ना," फुई म्हणाली. "म्हनीसन ते घागर लई उनू. ती येईच ना घागरले!" (म्हणून तर घागर घेऊन आले.)

"लेकीची घागर तर सासरी भरतात," मी म्हटलं. अशा वेळीही ग्रंथपालाची खोड जात नाही.

फुईने आमच्या ह्यांच्याकडे एक नजर टाकली. "जवाईले काय समजस? तुम्ही फ्लॅटमा ऱ्हानारा लोके. तुले तीशी ठेवतात." (तुला तहानलेली ठेवली असती.)

तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. फुईही रडत होती. वहिनीला मात्र अपशकुनाची धास्ती बसली होती. ती म्हणाली, "फोडी टाका ती घागर! आत्ताच्या आत्ता फोडा." प्रकाशने घागर उचलली. ओल्या फडक्याने पुसलेली ती कोरी घागर माझ्या तोंडाजवळून गेली, आणि मला तिचा वास आला. भाजलेल्या ओल्या मातीचा वास. गेल्या कित्येक महिन्यांत असा एकही वास नव्हता ज्याने मला मळमळलं नाही. फोडणी, साबण, औषध, स्वतःचा घामसुद्धा. हा वास मात्र मी पुन्हा नाक पुढे करून घेतला.

"फोडू नको," मी म्हटलं. "मला हिच्यातलं पाणी प्यायचंय."

वहिनी कानांवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, गेलेल्या माणसाच्या नावाची घागर शे ती! जित्त्या माणसाने कशी प्यायची?"

आमचे हे कधी नव्हे ते वहिनीच्या बाजूने झाले. प्रकाश घागर हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत उभा. निवाडा शेवटी फुईनेच दिला. पदराने नाक पुसून ती म्हणाली, "घागर जिना नावनी शे, तीच पी ऱ्हायनी ना? मंग तिमा काय चुकनं?" प्रकाशने घागर खाली ठेवली.

घागर रात्रभर भिजत घातली. सकाळी ती पुन्हा धुतली आणि वहिनीने उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरलं. अपशकुनाचं म्हणाल तर तिने पुसट झालेल्या कुंकवाच्या बोटावर आणखी एक ठसठशीत बोट ओढलं, आणि माझ्या कपाळावरही. देवघरापाशी तिन्ही घागरींची पूजा झाली. माझी मात्र ओसरीवर, उंबऱ्याच्या या बाजूला. पाणी चांगलं गार व्हायची वाट पाहत आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो, जणू दूधच तापत होतं. मग फुईने काचेच्या पेल्यात पाणी ओतून माझ्या हातात दिलं. पेला बधिर बोटांतून निसटू नये म्हणून खालून तिने तिचा हात लावला.

मी घोट घेतला. पाण्यासारखं लागलं. आता यात लिहिण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. गार होतं, मातीचा किंचित वास होता, आणि कडी नव्हती. मी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. आमचे हे उठून गोठ्याकडे गेले. बराच वेळ ते तिकडेच होते.

दुपारी वहिनीने मांडे केले. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची, हे मी तोंडाला मास्क लावून लांबूनच पाहिलं, कारण चुलीचा धूर मला नको होता. तोंडातल्या फोडांमुळे तिखटाचं नाव नाही, पण दूध घातलेल्या आमरसात बुडवलेला मांडा विरघळत गेला. अर्धा खाईन असं म्हटलं होतं, सगळा खाल्ला. संध्याकाळी पोरी झोक्यावर गात होत्या. मी झोक्यावर नुसती टेकले; पायाने एक हलकासा रेटा दिला आणि तेवढ्यावर समाधान मानलं. आता खोटं बोलत नाही: मी त्या दिवशी अगदी सुखात होते.

निघताना फुईने घागर स्वतः गोधडीत गुंडाळली. मग माझा हात धरून म्हणाली, "पुढली आखाजीले मनी घागर तू भरजो. या मानसेस्ले काही समजत नही." (पुढच्या आखाजीला माझी घागर तू भर.)

एरवी कोणीही म्हणालं असतं, "काहीतरीच काय बोलतेस फुई!" मला तेवढंही बोलता आलं नाही. पुढची आखाजी. मी तेव्हा असेन का, हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि फुईशी खोटं बोलणं जमेना. मी तिच्या पाया पडले आणि रिक्षात बसले.

परतीच्या गाडीत घागर माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "अक्का, खाली ठेवा, फुटीन. आखाजी तर झाली, आता कोणासाठी नेताय?"

"माझ्याचसाठी."

"बरं कयं," (बरं केलंत) तो तिकीट फाडत म्हणाला, "उन्हाळा मोठा शे."

धुळ्याला कोणी तिरुपतीचं विचारलं नाही. या खेपेला रुमालाला ह्यांनी दुहेरी गाठ मारली होती. जळगावात उतरलो तेव्हा रस्ता तव्यासारखा तापला होता. घरी आल्या आल्या मी घागर स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळूवर ठेवली आणि स्टीलचे सगळे पेले वरच्या फळीवर चढवले.

डोसच्या दिवशी मी काट्यावर उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. वजन उतरलं नव्हतं. उलट थोडं चढलंच होतं. डॉक्टर म्हणाले, "वा! काय केलंत?" आमच्या ह्यांनी घागरीची हकीकत सांगितली, धुळ्याच्या प्रसादासकट. डॉक्टर हसले. काही जणांना धातूच्या भांड्याचा असा त्रास होतो, म्हणाले. पाणी मात्र उकळलेलंच घाला आणि घागर रोज घासा. मग नर्सला म्हणाले, "चालू करा." सुई टोचली तेव्हा दुखलंच. पण मला हवं होतं ते हेच.

त्यानंतरचा आठवडा नेहमीसारखा गेला, म्हणजे वाईट. घागरीने काही जादू केली नाही. ओकाऱ्या झाल्या, अंग मोडून आलं, मांड्यांची आठवणसुद्धा नकोशी झाली. एवढंच, की पाणी पोटात जात राहिलं. नॉर्वे आणि केनियाहून लोक काय काय घेऊन येतात. मी पिंपळनेरहून पाण्याची चव घेऊन आले. माझ्या कपाटातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा ही कमाई मला कमी वाटत नाही.

आता रोज सकाळी प्रकाशच्या फोनवरून फुई बोलते. फोन कानाला लावत नाही. तोंडासमोर धरून ओरडते. तब्येत विचारत नाही, रिपोर्ट विचारत नाही.

"घागर भरी का?"

"भरी."

"पिनी का?"

"पिनी."

"मंग ठेव."

परवा तिने ठेवायच्या आधी मीच ओरडले, "फुई, थांब! तुनी घागर मी भरसु. पण पुढली आखाजीले नही हां. इतक्यात नही."

पलीकडे प्रकाशने तिला माझं बोलणं पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग फुईचा आवाज आला.

"मंग? घाई कोनले शे?"